आठवा खडा

सोनईहून नगरला जाणारी एसटी त्या दिवशी घोडेगावातच खच्चून भरली, तरी सहादेवला दोन माणसांची जागा मिळाली होती. त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. पाय समोरच्या बाकाखाली लांब सोडून तो बसला होता आणि कुणी धक्का देऊन पुढं सरकलं की म्हणत होता, "जरा बेतानं पाव्हनं, पाय नवसाचा हाय." माणसं हसत होती. चार माणसं दिसली की सहादेवला बोलल्याशिवाय राहवायचं नाही, आणि ती हसली नाहीत तर त्याचा दिवस फुकट जायचा. पण गेली दोन वर्षं तो जितका जास्त बोलायचा तितका एका गोष्टीपासून लांब पळायचा. हे दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं, त्याचं त्याला ठाऊक होतं.

शेजारी त्याची बायको चांगुणा बसली होती. मांडीवर भाकरीचं गाठोडं, हातात टॉवेलात गुंडाळलेला गुडघ्याचा फोटो. दोन वर्षं हा गुडघा तिनं शेकला होता. विटेचा शेक झाला, निरगुडीचा पाला झाला, तिळाचं तेल झालं. शेवटी नगरच्या डॉक्टर देवचक्क्यांनी फोटो काढून सांगितलं, की मार लागून आतल्या हाडाचे टवके उडालेत, ते सांध्यात सुटे फिरतायत, गुडघा उघडून काढावे लागतील. चांगुणानं ते आपल्या पद्धतीनं नीट समजून घेतलं. गावात कुणी विचारलं की ती सांगायची, "गुडघ्यात खडे झालेत. आठ हायेत."

आठ हा आकडा ती अगदी सहज उच्चारायची, आणि दर वेळी सहादेव घाईनं दुसरंच काहीतरी बोलायला लागायचा.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुष्काळी कामावरची माणसं उन्हात खडी फोडत बसली होती. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. चैत्र सरत आला होता, अक्षय्य तृतीया, म्हणजे आखिती, चार दिवसांवर होती. चांगुणा बराच वेळ बाहेर बघत राहिली आणि मग म्हणाली, "आपल्या हिरीला पानी हाय म्हनून आपन हितं बसलोय. न्हाईतर आपन बी तिथंच असतो, पाटी घेऊन."

"व्हय," सहादेव म्हणाला. त्यानंतर नगर येईपर्यंत त्यानं कुणालाही हसवलं नाही.

डॉक्टर देवचक्क्यांचा दवाखाना एका जुन्या दगडी बंगल्यात होता, माळीवाड्याच्या स्टँडवरून टांग्यानं दहा मिनिटांच्या अंतरावर. भिंती हातभर जाड, त्यामुळं आत पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन आणि बाहेरचा आवाज दोन्ही एकदम तुटायचे. स्पिरिटचा वास तेवढा सगळीकडं भरून राहिलेला असायचा. सहादेवला जी खोली मिळाली तिच्यात दोन लोखंडी खाटा होत्या. एक खिडकीशी, ती त्याची. दुसरी आतल्या भिंतीला लागून.

"ती रिकामी आहे," सिस्टर सुवार्ता म्हणाली, "पण पेशंट कधीही येतो. तिच्यावर गाठोडं ठेवू नका." ही सिस्टर श्रीरामपूरची, केसांत रुपेरी छटा आलेली, बोलायला कमी आणि कामाला वाघ. तिनं सहादेवची नाडी बघितली, गुडघ्यावरचे केस काढले, आणि संध्याकाळी पुन्हा येऊन बजावून गेली, "उद्या दहाला ऑपरेशन. आता पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. फार कोरड पडली तर ओठ ओले करा."

सकाळ उजाडली तीच तहान घेऊन. एका रात्रीची तहान ती काय, पण सहादेवला वाटत होतं, घशात कुणी चुन्याचा हात फिरवलाय. चांगुणा ओल्या बोटानं त्याचे ओठ पुसत होती. प्रत्येक वेळी तिचं बोट ओठांना लागलं की त्याला तिच्या भावाची आठवण येत होती. एवढंसं पाणीसुद्धा आपण त्याला मिळू दिलं नाही, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

ते कसं झालं, हे सांगायचं तर दोन वर्षं मागं जायला हवं.

गोरक्ष हा चांगुणाचा पाठचा भाऊ. घरातले सगळे त्याला गोरख म्हणत. आईबाप लवकर गेले तेव्हा तिनंच त्याला आपल्याकडं आणला आणि मोठा केला. लग्न व्हायचं होतं. चार माणसांचं काम एकटा उरकायचा, पण भारी उतावळा. भाकरी तव्यावर असतानाच ताटावर येऊन बसणारा. चांगुणा त्याला त्यावरून सारखी चिडवायची. सहादेवला तो दाजी म्हणायचा. जगात कुणाचं ऐकलं नाही तरी दाजीचं ऐकायचं, असं त्याचं होतं.

एकाहत्तरचा शिमगा झाला आणि सहादेवच्या विहिरीनं तळ दाखवला. दोन एकर मोसंबी पानं मुडपून उभी होती. दाजी-मेव्हण्यांनी विहीर आणखी परसभर, म्हणजे माणसाच्या उंचीइतकी, खाली न्यायचं ठरवलं. खाली काळा पाषाण लागला, मग सुरुंग आले. त्यांच्या भागात सुरुंगाच्या कामाची एक रीत होती, साधी पण पक्की. खाली उतरलेला माणूस एकेक वात पेटवायचा आणि वर हाळी द्यायचा, "पेटली." वरच्या माणसानं प्रत्येक हाळीला एक खडा मुठीत घ्यायचा. मग खालचा दोर धरून वर यायचा, दोघं मातीच्या ढिगामागं आडवे व्हायचे, आणि एकेक बार उडाला की वरच्यानं एकेक खडा टाकून द्यायचा. मूठ रिकामी झाली तरच खाली उतरायचं. खडा उरला म्हणजे बार राहिला, आणि राहिलेल्या बाराला एक रात्र द्यायची. मग कितीही घाई असो. उतरणाऱ्यानं विचारायचं, "झाले का?" आणि ज्याच्या हातात खडे त्यानंच उत्तर द्यायचं, दुसऱ्या कुणी नाही.

त्या दुपारी आठ वाती पेटल्या आणि सात बार उडाले. सहादेवनं सात खडे टाकले आणि आठव्यासाठी मूठ मिटून वाट पाहिली. एक विडी ओढून होईल इतका वेळ गेला. आणि मग धुराबरोबर विहिरीतून एक वास वर आला, ओल्या मुरमाचा. कित्येक दिवसांत तो वास कुणी घेतला नव्हता. सहादेव ताडकन उठून बसला. दोन बार एकदम उडाले असतील, असं त्याच्या मनानं घेतलं. तसं होतंही कधी कधी. पण मनानं काहीही घेतलं तरी खडा मुठीत होता, आणि तो टोचत होता.

काठावर दोर धरून गोरक्षनं विचारलं, "दाजी, झाले का?"

"झाले," सहादेव म्हणाला. "उतर."

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. पाणी दिसतंय का म्हणून सहादेव काठावरून वाकला होता, तेव्हा आठवा बार उडाला. दगडाची एक कपची उडून त्याच्या गुडघ्यावर बसली. कातडी फाटली नाही, पण गुडघा आतल्या आत फुटला. मुठीतला खडा कुठं गेला ते त्याला कधीच कळलं नाही. माणसं धावत आली. चांगुणा धावत आली, आणि तिनं काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप शब्द गेले, "म्या थांब म्हनत हुतो... त्यानं ऐकलं न्हाई."

सगळ्यांना ते पटलं. गोरख उतावळा होताच. चांगुणाला तर सगळ्यांच्या आधी पटलं. शब्द एकदा तोंडातून गेले ते गेले. मागं घ्यायचे तर त्याच क्षणी घ्यायला हवे होते, आणि तो क्षण सहादेवनं घालवला. विहिरीला छातीभर पाणी लागलं होतं. त्या पाण्यावर मोसंबी जगली. पुढं लागोपाठ पाऊस हुकला तेव्हा अर्धं गाव हंडे घेऊन तिथंच येऊ लागलं आणि म्हणू लागलं, मेव्हण्याला वाचवताना सहादेवनं पाय गमावला, देवानं त्याला पाणी दिलं. सहादेव ऐकून घ्यायचा.

याहून वाईट गोष्ट आखितीची. आखितीला आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून पुजतात. उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागते, एवढाच त्यामागचा भाव. त्या वर्षी चांगुणा गोरखच्या नावाचा करा आणायला कुंभाराकडं निघाली, तेव्हा सहादेवनं तिला दारात अडवलं. हट्टानं गेलेल्याला पाणी दिलं तर तो घर सोडत नाही, असं काहीतरी जुळवून सांगितलं. खरं कारण एवढंच होतं, की गोरखच्या नावाचं पाणी घरात भरलेलं त्याला बघवलं नसतं. चांगुणानं नवऱ्याचं ऐकलं. दोन आखित्या कोरड्या गेल्या. अर्धं गाव ज्याच्या जिवावर पाणी पीत होतं त्याला तेवढं पाणी मिळालं नाही. खोटं बोलल्याचा सहादेवला पस्तावा होताच, पण या कऱ्याचा पस्तावा त्याहून मोठा होता, आणि तो कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दहा वाजता त्याला आत नेलं.

पाठीत सुई टोचली आणि कमरेखालचं अंग हळूहळू परकं झालं. छातीपुढं हिरवा पडदा धरला होता, त्यापलीकडं त्याचा पाय होता म्हणे. डोक्याशी सिस्टर सुवार्ता उभी. "तुम्ही जागे असाल, पण दुखणार नाही," डॉक्टर देवचक्के म्हणाले. "हवं तर काही गोष्टी सांगा आम्हाला." एरवी सहादेवनं ही संधी सोडली नसती. आज तो नुसता वर बघत राहिला.

डोक्यावर पंखा फिरत होता. बाहेर भर उन्हाची वेळ, पण त्या जाड भिंतींमुळं आत काहीच येत नव्हतं. कापलेलं कळत नव्हतं, फक्त कुणीतरी लांबून आपल्याला ओढतंय असं वाटत होतं. मग पत्र्याच्या तबकात काहीतरी पडलं. टण.

"एक," डॉक्टर म्हणाले.

पाठोपाठ दुसरा पडला. मग बराच वेळ काही नाही. पंख्याचा आवाज, चिमट्याचा आवाज. मग लागोपाठ तीन. टण, टण, टण. "पाच," डॉक्टर म्हणाले, आणि सहादेव मनात पुन्हा मोजू लागला. पहिले दोन पाठोपाठ. मग मोठी उसंत. मग तीन. तो मनाशी म्हणाला, आता एक उशिरा येईल, आणि सातवा लगेच त्याच्या मागं. दोन वर्षं रोज दुपारी त्यानं हे मोजलं होतं. कुठल्या बारानंतर किती वेळ गेला हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

सहावा उशिरा पडला. सातवा लगेच त्याच्या मागं.

त्याच वेळी स्पिरिटचा वास गेला. कुणी दार उघडलं नव्हतं, खिडकी बंद होती. आधी सुरुंगाच्या दारूचा कडवट धूर नाकात शिरला, डोळ्यांत पाणी येईल इतका. आणि त्या धुरामागून, अगदी सावकाश, ओल्या मुरमाचा वास आला. सहादेवनं सिस्टरकडं पाहिलं. तिला काही जाणवलेलं दिसत नव्हतं.

"झाले बहुतेक," पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले. "फोटोत आठ वाटत होते, पण दोन एकावर एक आले असतील. शिवून घेऊ."

आणि सहादेवच्या उशामागं, सिस्टरच्याही पलीकडं, जिथं फक्त भिंत होती तिथून, कुणीतरी हळूच विचारलं, "दाजी... झाले का?"

त्या आवाजात राग नव्हता. असता तर सहादेवला सोपं गेलं असतं. तो आवाज होता तसाच होता, उतावळा आणि विश्वासाचा; दोर हातात धरून उभा असल्यासारखा. सहादेवला मान वळवायचं धाडस झालं नाही. त्याला सुटायचं होतं. डॉक्टरच झाले म्हणत होते. तोही झाले म्हणाला असता तर कुणाचं काय बिघडणार होतं. पण आपण हो म्हटलं की मागं काहीतरी खाली उतरू लागेल, हे त्याला स्वच्छ कळलं, आणि त्याला ते सहन होईना.

"न्हाई," तो म्हणाला. "एक राहिलाय... उतरू नको, गोरख. उतरू नको..."

"काका, कुणाशी बोलताय?" सिस्टर सुवार्ता वाकून म्हणाली.

"डाक्टरला म्हना, एक राहिलाय."

"अहो, तुमचा पाय बधिर आहे, तुम्हाला कसं कळणार?" डॉक्टर जरा चिडूनच म्हणाले. पण माणूस कामाला चोख होता. त्यांनी फोटो पुन्हा उजेडापुढं धरायला सांगितला, पुटपुटले, आणि परत खाली वाकले. बराच वेळ गेला. मागून पुन्हा प्रश्न आला नाही. कुणीतरी वाट बघत थांबलंय एवढं मात्र सहादेवला पाठीच्या कण्यात जाणवत होतं, जिथं खरं तर काहीच जाणवायला नको होतं.

मग तबकात काहीतरी पडलं. आवाज आधीच्या सातांसारखा नव्हता. जड, बसका आवाज होता. डॉक्टरांनी आकडा उच्चारला नाही.

"सिस्टर, हे बघा जरा," ते शेवटी म्हणाले. सिस्टर पडद्यापलीकडं गेली. "वर जखमेची खूण नाही," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "मग हा आत गेला कुठून?" खोलीत पुन्हा स्पिरिटचा वास भरला होता.

दुपारी दोनच्या सुमारास त्याला खोलीत आणून खाटेवर ठेवलं. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टरात. कूस वळायची नाही, मान उचलायची नाही, असं बजावून सिस्टर सुवार्तानं दोन चमचे पाणी त्याच्या तोंडात घातलं. मग एक छोटी काचेची बाटली तिनं चांगुणाच्या हातात दिली. "यांच्या गुडघ्यातले आहेत. डॉक्टरांनी दाखवायला सांगितलेत," एवढं म्हणून ती पाठ फिरवून गेली.

चांगुणा त्याच्या उशाशी स्टुलावर बसली होती. तिनं बाटलीकडं पाहिलं नाही. ती दुसऱ्या खाटेकडं बघत होती.

"गोरख आला हुता," ती म्हणाली.

सहादेवनं नजर तिच्याकडं वळवली.

"तुमाला आत नेलं आन् माजा जरा डोळा लागला. उघडला, तर त्या खाटंवर कुनीतरी निजलेलं. भिताडाकडं तोंड करून. डोक्याला समदं फडकं गुंडाळल्यालं. मला वाटलं, पेशंट आनलाय. त्यानं पानी मागितलं. म्या तांब्या दिला, त्यो समदा पिला. आनखी मागितलं. तीन तांबं पिला, तरी त्याची तान भागंना... मंग म्हनला, आक्का, आखिती कवा हाय?"

खिडकीबाहेर कडुलिंबाखाली एक टांगा उभा होता, घोडा पाय आपटत होता. उन्हात दुसरा कसलाच आवाज नव्हता.

"तवा वळाखलं म्या," चांगुणा म्हणाली. "भ्या न्हाई वाटलं. भाऊच त्यो माजा."

"काय म्हनला?" सहादेवनं विचारलं.

"म्हनला, दाजीला बोल लावू नको. दाजी थांब म्हनत हुते, माजीच उतावळी झाली. एकदा न्हाई, तीनदा म्हनला. मंग गप झाला. म्या चौथा तांब्या भरून आनला तवर खाट रिकामी."

खरं सांगायचं तर त्या क्षणी सहादेवला सुटल्यासारखं वाटलं. ज्याचं रक्त सांडलं त्यानंच येऊन साक्ष दिली होती, आणि ती सहादेवच्या बाजूनं होती. आता यापुढं काही बोलायची गरज नव्हती. सगळं मिटलं होतं. असं वाटलं, आणि लगेच त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे मिटून घ्यावे लागले. मेल्यावरसुद्धा ते पोर दाजीचा शब्द राखत होतं. बहिणीचं घर मोडू नये म्हणून तहानलेल्या तोंडानं खोटं बोलून गेलं होतं. सहादेवच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांकडं वाहायला लागलं.

चांगुणा आता बाटली उजेडात धरून बघत होती. आत सात पांढुरके तुकडे होते, हरभऱ्याच्या डाळीएवढे.

"मला एक समजंना," ती सावकाश म्हणाली. "म्या तर तुमाला कदी बोल लावला न्हाई. दोन वर्सांत एकदा बी न्हाई. मंग त्यानं तीनदा कशापायी सांगावं?" तिनं बाटली हलवली. तळाशी एक काळा खडा होता, चांगला बोराएवढा, हातात धरून गुळगुळीत झालेला. "आन् ह्यो काळा कसला?"

आता गप्प बसायचं ठरवलं असतं तर त्याला बसता आलं असतं. डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं ते बायकोला कुठून कळणार.

"त्यो खोटं बोलला," सहादेव म्हणाला.

"कोन?"

"गोरख. म्या त्याला थांब म्हनलं नव्हतं." त्यानं बाटलीतल्या काळ्या खड्याकडं बोट केलं. "त्यानं इचारलं हुतं, झाले का. सात बार उडाल्ते. आठवा खडा माज्या मुठीत हुता. तरी म्या... उतर म्हनलं. पान्याचा वास आल्ता..."

चांगुणा त्याच्याकडं बघत राहिली. सुरुंगाची रीत तिला काही शिकवायला लागणार नव्हती. तीही त्याच भागातली.

"मुठीत खडा हुता?"

"व्हय."

"तुमाला ठावं हुतं?"

"व्हय. टोचत हुता."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. ती स्वतःशीच म्हणाली, "आन् म्या त्याला उतावळा म्हनत बसले... दोन वर्सं." सहादेवनं तिच्याकडं हात पुढं केला. तिला तो दिसला, पण तिनं घेतला नाही.

"आखितीला करा म्या भरीन," ती म्हणाली. "माज्या हातानं. तुमी त्याला शिवू नका."

"न्हाई शिवत."

तिनं बाटली खिडकीत ठेवली, उठली आणि पलीकडच्या खाटेकडं गेली. सहादेवला मान थोडीशीच वळवता येत होती, तेवढ्यात जे दिसलं ते त्यानं पाहिलं. त्या खाटेवरची कापसाची जुनी गादी मधोमध खोल दबलेली होती. चांगुणानं काठावर बसायला पदर सावरला, तेव्हा तो खळगा हलकेच भिंतीकडं सरकला, बसणाऱ्याला जागा करून द्यावी तसा. तिनं ते पाहिलं असावं. ती मागं सरकून नीट बसली, सहादेवकडं पाठ करून, आणि खालच्या आवाजात बोलू लागली.

सहादेवनं ऐकायची खूप धडपड केली, पण शब्द कळत नव्हते. त्याला फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. ती थोडंसं बोलायची, मग मान कलती करून थांबायची, समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायची, आणि मग पुन्हा बोलायची.